टेबलाची खालची बाजू

मिलानमधल्या एका दुकानदारानं माझ्यासमोर एक टेबल पालथं घातलं, तिथून या पुस्तकाची सुरुवात झाली. नोव्हेंबरअखेरचे दिवस होते, चार वाजताच अंधारून आलं होतं. दुकान जुन्या फर्निचरचं. आत खुर्च्या, आरसे, दिवे दाटीवाटीनं मांडलेले आणि मागच्या भिंतीपाशी जेवणाचं एक टेबल. वरची फळी अक्रोडाची. तिची कड खालच्या अंगानं तिरपी तासलेली होती, त्यामुळे चांगली जाड फळीही पातळ भासत होती. पाय लोखंडी, काळे, खाली येताना निमुळते होत गेलेले, आणि काठीच्या टोकाला असते तशी प्रत्येक पायाला पितळेची शेंबी. चिठ्ठीवर १९५०चं दशक एवढंच लिहिलं होतं, डिझायनरचं नाव नव्हतं. मी फळीवरून हात फिरवत होतो. सत्तरीच्या त्या गृहस्थांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग हाताखालच्या पोराला हाक मारली, जमिनीवर कांबळं अंथरलं आणि दोघांनी मिळून टेबल त्यावर उलटं ठेवलं.

खाली चार लोखंडी पट्ट्या होत्या, पाय त्यांनाच जोडलेले. पट्टीतली स्क्रूची भोकं गोल नव्हती, बोराच्या बीसारखी लांबट होती. प्रत्येक भोकात डोक्यावर एकच आडवी खाच असलेला जुना स्क्रू आणि त्याखाली पितळी वायसर. वायसरच्या एका बाजूला, लोखंडाच्या काळ्या रंगावर, नखाएवढी चंद्रकोर घासून उघडी पडली होती. सत्तर वर्षं ते वायसर तिथे पुढे-मागे सरकत आलं होतं. दरवर्षी थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि एका पट्टीशेजारी लाकडावर पेन्सिलीनं तीन उभ्या रेघा काढलेल्या होत्या. तशाच तीन रेघा त्या पायाच्या माथ्यावर कोरलेल्या. हा पाय या कोपऱ्याचा, एवढाच त्याचा अर्थ.

लाकूड कापलं, रंधलं, पॉलिश केलं तरी ते हवेतला ओलावा घेतच राहतं आणि सोडतच राहतं. ओलावा घेतला की ते रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं, सोडला की आकसतं. रेषेच्या दिशेनं मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ऐंशी सेंटिमीटर रुंदीची अखंड लाकडाची फळी दमट आणि कोरड्या ऋतूंत मिळून अर्धा-पाऊण सेंटिमीटर सहज हलते. लोखंडाला किंवा पितळेला ओलाव्याशी देणंघेणं नाही. उन्हाळा-हिवाळ्याच्या तापमानामुळे तेवढ्याच लांबीची पट्टी वाढली तर पाव-अर्धा मिलिमीटर वाढेल. म्हणजे ज्या दोन वस्तू आयुष्यभर एकमेकींना धरून राहायच्या, त्यांपैकी एक सतत हलणारी आणि दुसरी जागची न हलणारी. त्यांना घट्ट आवळलं तर लाकूड फाटतं. सैल सोडलं तर टेबल डुगडुगतं. लांबट भोक हे या पेचाचं उत्तर आहे: स्क्रू फळीला खाली ओढून धरतो, पण आडवं सरकायला वाव देतो.

इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत लाकूड आणि धातू एकत्र आणून जी टेबलं तयार झाली, त्यांच्याबद्दल हे पुस्तक आहे. ढोबळ मर्यादा मी १९४६ आणि १९६१ अशा धरल्या आहेत. १९४६ साली मिलानच्या त्रिएन्नाले या कला-डिझाइन प्रदर्शनाच्या इमारतीत साध्या, लहान घरांना परवडेल अशा फर्निचरचं प्रदर्शन भरलं. १९६१ साली त्याच शहरात सालोने देल मोबिले हा फर्निचरचा मोठा व्यापारी मेळा सुरू झाला आणि वर्कशॉपची जागा हळूहळू कारखान्यानं घेतली. या काळातल्या वस्तू जमवण्याच्या छंदाला इटालियन लोक ‘मोदेर्नारियातो’ म्हणतात. पुराणवस्तूंच्या व्यापाराला त्यांच्याकडे जो शब्द आहे, त्याच्याच वळणावर हा बेतलेला आहे.

खुर्चीवर पुस्तकं पुष्कळ आहेत. वास्तुकार जिओ पोंतीची १९५७ सालची सुपरलेज्जेरा खुर्ची, अवघ्या १.७ किलो वजनाची, एका बोटावर उचलता येणारी, जगभर माहीत आहे. टेबलाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. खुर्ची एकटी फोटोत शोभून दिसते. टेबलावर चादर पडते, ताटं येतात, पोरांच्या वह्या येतात आणि ते नजरेआड होतं. मला हा अन्याय वाटतो. घरातली सगळ्यांत जास्त वापराची वस्तू तीच, आणि बांधायला सगळ्यांत अवघडही तीच. खुर्ची एका माणसाचा भार पेलते. टेबलाला मात्र मधला मोठा गाळा मोकळा ठेवून उभं राहावं लागतं, कारण तिथे माणसांचे गुडघे यायचे असतात.

लाकूड-लोखंडाचा हा संसार इटलीतच एवढा का फुलला, याचं उत्तर काहीसं टंचाईत आहे. इथिओपियावर आक्रमण केल्यामुळे राष्ट्रसंघानं १९३५च्या नोव्हेंबरात इटलीवर निर्बंध घातले आणि तिथल्या राजवटीनं स्वावलंबनाचं धोरण आणखी कडक केलं. धातू जपून वापरायचा काळ आला. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गाजलेलं वाकवलेल्या पोलादी नळीचं फर्निचर इटालियन वास्तुकारांना ठाऊक होतं, ते त्यांनी करूनही पाहिलं होतं. पण आता जिथे धातूवाचून चालणारच नाही तेवढ्याच जागी धातू, ही शिस्त अंगवळणी पडली. मग युद्ध आलं. १९४३च्या ऑगस्टमधल्या बाँबहल्ल्यांनी मिलानचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. युद्धानंतर घरं हवी होती, झटपट आणि लहान. १९४९ साली सुरू झालेल्या इना-काझा या सरकारी योजनेत चौदा वर्षांत साडेतीन लाखांच्या आसपास घरं उभी राहिली. आजीचं कोरीवकामाचं अवजड टेबल त्या खोल्यांत मावणारं नव्हतं.

कारखाने मोडले होते, पण सुतार होते. मिलानच्या उत्तरेला ब्रियान्झा नावाचा टापू आहे: कान्तू, मेदा, लिस्सोने अशी गावं, जिथे पिढ्यान् पिढ्या फर्निचरचाच धंदा. दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप, वर मालकाचं घर. दुसरीकडे वास्तुकार होते. डिझायनर असा वेगळा पेशा तेव्हा इटलीत नव्हताच. घर काढणाराच दिवा काढायचा, टेबल काढायचा. काम थोडं, वेळ भरपूर. तो ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये यायचा आणि खरं डिझाइन तिथे, भुशात उभं राहून ठरायचं. म्हणूनच या टेबलांवर एकट्या वास्तुकाराचं नाव लावणं मला अपुरं वाटतं. या पुस्तकात शक्य तिथे मी दोन नावं दिली आहेत: काढणाऱ्याचं आणि बांधणाऱ्याचं.

अशा दोन जोड्यांवर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. योगायोग असा की दोन्ही वास्तुकार १९०५ साली जन्मलेले, आणि दोघांची स्वभावानं दोन टोकं.

फ्रांको अल्बिनी ब्रियान्झाच्या मुलखातल्या रोब्बिआते गावचा. १९२९ साली मिलानच्या पोलितेक्निकोतून पदवी घेतली, सुरुवातीला पोंतीच्या ऑफिसात काम केलं. त्याला वजनाचं वावडं होतं. १९४० साली त्यानं स्वतःसाठी ‘व्हेलिएरो’ नावाचं पुस्तकांचं कपाट केलं. नावाचा अर्थ शिडाचं जहाज. दोन लाकडी डोलकाठ्या, त्यांना ताणून धरणाऱ्या तारा आणि त्या ताणावर तोललेल्या काचेच्या फळ्या. लाकूड दाब घेतं, तार ताण घेते, आणि पुस्तकं हवेत असल्यासारखी दिसतात. पुढे जेनोव्हाच्या पालाझ्झो बियांकोमध्ये त्यानं जुनी चित्रं मांडली तीही याच वृत्तीनं, आणि १९६४ साली धावू लागलेल्या मिलान मेट्रोच्या पहिल्या मार्गाची स्थानकं सहकारी वास्तुकार फ्रांका हेल्गबरोबर सजवली तेव्हाही तेच. तिथे जिन्याचा लाल नळीचा कठडा हातात धरला की समजतं: नळी सुरू होते, वळते, संपते, आणि तिला त्यापलीकडे काही दाखवायचं नाही.

अल्बिनीच्या टेबलांमागे पावियाच्या पोज्जी कुटुंबाचं वर्कशॉप आहे. मिलानपासून तासाभराच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर, त्यामुळे नमुना पाहायला जाणं आणि परत बदलून मागणं सोपं. ‘लुइझा’ या खुर्चीचे त्यांनी वर्षानुवर्षं नमुने केले, मोडले, पुन्हा केले. १९५५ साली तिला कोम्पास्सो द’ओरो हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. ‘स्तादेरा’ हे लिहायचं टेबल मला तिच्याहून मोलाचं वाटतं. स्तादेरा म्हणजे एकाच पारड्याचा काटा: आधार मधोमध नाही, एका अंगाला, तिकडे आखूड बाजूला माल, इकडे लांब दांडीवर सरकतं वजन. या टेबलाची लाकडी फळीही तशीच, धातूच्या आधारावर एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब पसरलेली. पाहताना क्षणभर वाटतं, आता कलंडेल. कलंडत नाही, कारण धातू नेमका तोलाच्या जागी आहे. पाय चार हवेत आणि चार कोपऱ्यांत हवेत हे कोणी ठरवलं, असा प्रश्न ते टेबल विचारतं आणि स्वतःच उत्तर देऊन उभं राहतं.

कार्लो मोल्लिनो तोरिनोचा, इंजिनिअर बापाचा मुलगा. विमानं उडवायचा, हवेत कसरती करायचा. बर्फावरून घसरण्याच्या तंत्रावर त्यानं पुस्तक लिहिलं. १९५५ साली ल माँच्या शर्यतीत उतरलेली ‘बिसिलुरो’ मोटार त्याच्या डोक्यातून निघाली: दोन टॉर्पेडो जोडावेत तसा आकार, एकात ड्रायव्हर आणि दुसऱ्यात इंजिन. आज ती मिलानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे आणि तिच्यासमोर उभं राहिलं की त्याची टेबलं जास्त नीट कळतात. त्याच्यासाठी लाकूडकाम करणारे तोरिनोचे आपेल्ली आणि वारेझिओ. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेलं प्लायवूड साच्यात वाकवायचं आणि मग त्यात मोठाली वेडीवाकडी भोकं कापायची. विमानाच्या पंखातल्या फासळ्यांना वजन घटवण्यासाठी असतात तशी. १९४९च्या ‘अराबेस्को’ टेबलात ही लाकडी पट्टी लाटेसारखी वर जाऊन वरची काच धरते, खाली येऊन दुसरी काच धरते. त्या काचेची बाह्यरेषा लिओनोर फिनी या चित्रकर्तीनं काढलेल्या स्त्रीच्या पाठीवरून घेतली, असं सांगितलं जातं.

त्याचं जे टेबल मी या पुस्तकात सर्वांत बारकाईनं तपासलं आहे, ते मात्र जेवणाचं. १९५० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये ‘इटली अ‍ॅट वर्क’ हे प्रदर्शन उघडलं आणि पुढे अमेरिकाभर फिरलं. युद्धात हरलेल्या देशातले कारागीर काय करताहेत ते अमेरिकन गिऱ्हाइकाला दाखवावं, हा हेतू. त्यात मोल्लिनोचं हे टेबल होतं. वर काच, खाली वाकवलेल्या मेपल प्लायवूडचा सांगाडा, पाठीच्या मणक्यांसारखा एकापुढे एक रचलेला, आणि जिथे दोन तुकडे भेटतात तिथे पितळ. ते पितळ लपवलेलं नाही. काच पारदर्शक असल्यामुळे खालची बाजू वरूनच दिसते. जेवायला बसलेला माणूस ताटाशेजारून थेट सांध्याकडे पाहतो. माझ्या त्या दुकानदाराला टेबल पालथं घालावं लागलं. मोल्लिनोनं ती गरजच ठेवली नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. मोल्लिनोनं तोरिनोच्या ओरेंगो कुटुंबाच्या घरासाठी १९४९ साली केलेलं ओक आणि काचेचं टेबल २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३८ लाख डॉलरच्या वर गेलं. ब्रुकलिनचं टेबल म्युझियमनं २०२० साली विकलं, त्याला साठ लाखांहून अधिक डॉलर आले. या आकड्यांमुळे वस्तू जपल्या जातात हे खरं, पण एक वाईटही झालं: नाव असेल तरच टेबल, नसेल तर अडगळ, असा बाजाराचा कल झाला. ज्या शेकडो टेबलांवर कोणाची सही नाही, जी ब्रियान्झातल्या एखाद्या सुतारानं मासिकातलं चित्र पाहून स्वतःच्या अकलेनं केली, त्यांतली कित्येक बांधणीत नामवंतांच्या तोडीची आहेत. मिलानचं ते उलटं घातलेलं टेबल त्यांपैकीच. म्हणून या पुस्तकाचा तिसरा हिस्सा मी निनावी टेबलांना दिला आहे आणि त्याबद्दल मला कोणाची क्षमा मागावीशी वाटत नाही.

लाकडाविषयी मराठी वाचकाला एक गोष्ट सांगायलाच हवी. या टेबलांच्या वर्णनात ‘पालिसांद्रो’ हा शब्द वारंवार येतो. त्या एका नावाखाली मुख्यतः दोन लाकडं आहेत: एक ब्राझीलचं आणि दुसरं भारतीय. हे भारतीय पालिसांद्रो म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलातलं, काळसर-जांभळ्या रेषांचं, ज्याचे पलंग आणि पेट्या आपल्या जुन्या घरांत आहेत, तेच लाकूड. ‘टीक’ हा शब्दही मलबार किनाऱ्यावरच्या ‘तेक्कु’पासून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला. बहुतेक इटालियन टेबलांत शिसव अखंड नसतो. ब्लॉकबोर्डावर त्याचं पातळ व्हीनियर आणि कडेला भरीव पट्टी असते, त्यामुळे ती फळी अखंड लाकडापेक्षा फार कमी हलते. हे कमअस्सल काम समजू नये. दुर्मीळ लाकूड जपून वापरण्याची ती शहाणी रीत आहे. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२पासून जवळजवळ बंदी आहे आणि २०१७पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंवर नियंत्रण आलं, त्यामुळे असं जुनं टेबल आज देशाबाहेर न्यायचं तर लाकूड कोणतं आणि कधीचं याचे कागद लागतात.

दुरुस्तीचं प्रकरण लिहायला मला सगळ्यांत वेळ लागला, कारण ते एका हळहळीतून लिहिलं गेलं आहे. पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या घरी असंच एक टेबल आहे. नोकरीनिमित्त ते दहा वर्षं मिलानला होते, परतताना घेऊन आले. पावसाळ्यात एक पाय किंचित हलायला लागला. सुतार बोलावला. त्यानं लांबट भोकांतले जुने स्क्रू काढले, शेजारी नवी गोल भोकं पाडली आणि मोठे स्क्रू गच्च आवळले. पाय हलायचा थांबला. फळी तेव्हा ओलाव्यानं फुगलेली होती. पुढच्या मार्चमध्ये ती आकसू लागली, स्क्रूंनी जागा सोडली नाही, आणि एका रात्री आवाज होऊन फळीला हातभर तडा गेला.

मी त्या सुताराला भेटलो. साठीचे, वाड्यांची दारं केलेले मिस्त्री. त्यांना मी वायसरखालची चंद्रकोर दाखवली. ते खाली बसले, अंगठा त्या लांबट भोकावरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, “म्हणजे दाराच्या दिलह्यासारखं आहे हे. दिलहा खाचेत मोकळाच ठेवतात, खिळा मारला की फुटतो. मला लोखंड बघून सुचलं नाही.” त्यांच्याइतक्या मोजक्या शब्दांत हे मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. तडा त्यांनीच सांधला. पाठीमागून लाकडाच्या दोन फुलपाखरी चिपा बसवल्या, गोल भोकं बुजवली आणि जुने स्क्रू जुन्या भोकांत परत घातले, मधोमध, दोन्हीकडे सरकायला जागा ठेवून. दुरुस्तीच्या प्रकरणातली निम्मी माहिती त्यांची आहे.

घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. पितळ घासून लख्ख करू नका. शेंबीवर आलेला तपकिरी थर हाच तिच्या वयाचा पुरावा आहे, आणि एकदा गेला की तो परत यायला तुमचं आयुष्य पुरणार नाही. व्हीनियरच्या फळीवर सँडपेपर मारू देऊ नका. पापुद्रा इतका पातळ असतो की दोन हातांत खालचं लाकूड दिसू लागतं. फुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू दिसले तर कोणीतरी आधी हात घातला आहे असं समजा आणि का घातला ते विचारा. आणि विकणारा टेबल उलटं करायला तयार नसेल, तर दुसरं दुकान पाहा.

ते मिलानचं टेबल मी घेतलं नाही; माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते. दुकानदारांनी मला तासभर जमिनीवर बसू दिलं, बॅटरी दिली, जाताना दोघांनी ते पुन्हा सरळ केलं. पुस्तकात पहिलं छायाचित्र त्याच टेबलाचं आहे. वरची अक्रोडाची फळी त्यात दिसत नाही. दिसतात त्या पेन्सिलीच्या तीन रेघा, आणि शेजारी तशाच तीन रेघा कोरलेला पाय.